भिंतीवरची सतार, मांडीवरचं युकुलेले

संक्रांतीला लेक पुण्याहून आली ती पाठीवर एक लांबट काळी पिशवी अडकवूनच. मला वाटलं, ऑफिसचा लॅपटॉप असेल. चेन उघडली तर आतून गिटारचं पिल्लूच निघालं. हातभर लांबी, चार तारा, मधोमध वाटीएवढं भोक. शेजारच्या काकू तिळगूळ द्यायला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘‘मोठी गिटार घ्यायला पैसे कमी पडले का गं?’’ लेक हसत म्हणाली, ‘‘काकू, याला युकुलेले म्हणतात.’’ काकूंनी तो शब्द दोनदा म्हणून बघितला. दोन्ही वेळा तोंडातून ‘उकळले’ असंच आलं.

परत जाताना ती ते इथेच ठेवून गेली. ‘‘तीन जणींच्या फ्लॅटमध्ये जागा नाही आई, आणि घरी यायलाच नऊ वाजतात. सांभाळ जरा.’’ सांभाळ म्हणजे काय, तर मी रोज दुपारी टीव्ही पुसायच्या फडक्यानं ते पुसायचे आणि परत कपाटावर ठेवायचे. एक दिवस मनात आलं, लाकडी आहे, तेल-बिल लावावं लागतं का? म्हणून मोबाइलवर नाव टाकलं. तेलाचं उत्तर मिळायच्या आधी चित्रंच चित्रं समोर आली. जुनी पोस्टकार्डं, गाण्यांच्या पुस्तकांची रंगीत मुखपृष्ठं, जलरंगातली चित्रं, शंभर वर्षांपूर्वीचे काळे-पांढरे फोटो. सगळ्यांत तेच पिल्लू! मैत्रिणींनो, त्या दिवशी चहा दोनदा उकळून आटला.

मग रोज दुपारी भांडी आवरली की माझा तोच उद्योग. सासूबाई पलंगावर पडल्या पडल्या विचारायच्या, ‘‘काय बघती एवढं?’’ मी म्हणायची, ‘‘चित्रं.’’

चित्रं बघता बघता त्या वाद्याची गोष्ट कळत गेली आणि ती मला फार जवळची वाटली. कारण ती उसाची गोष्ट आहे. आम्ही राहात्याचे. इथे हंगामात नगर-मनमाड रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या रात्रंदिवस गाणी लावून जातात. आमच्याच तालुक्यात लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांच्या साथीनं उभारलेला सहकारी साखर कारखाना १९५० साली सुरू झाला. ऊस आम्हाला नवा नाही. पण उसामागून एक वाद्य जन्माला येतं, हे मला ठाऊक नव्हतं.

झालं असं, की पॅसिफिक महासागरातल्या हवाई बेटांवर उसाचे मोठाले मळे होते आणि तोडणी-लावणीला माणसं कमी पडत होती. म्हणून थेट पोर्तुगालच्या मदेइरा बेटावरून मजूर बोलावले गेले. २३ ऑगस्ट १८७९ या दिवशी ‘रेव्हन्सक्रॅग’ नावाचं जहाज चार महिन्यांच्या प्रवासानंतर होनोलुलु बंदराला लागलं. त्यात चारशेहून अधिक माणसं होती, बायका-मुलांसकट. त्यांच्या सामानात ‘माशेत’ नावाचं चार तारांचं एक छोटं वाद्य होतं. गंमत बघा, त्याच अक्षरांचा इंग्रजी शब्द आहे ‘मशेटी’, म्हणजे ऊस तोडायचा कोयता! दोन आठवड्यांच्या आत तिथल्या वर्तमानपत्रात बातमी आली, की मदेइराहून आलेली ही मंडळी रोज रात्री रस्त्यावर गाणं-बजावणं करून लोकांना खूश करताहेत. आपल्याकडे ऊसतोडीला आलेली माणसं रात्री कोप्यांपुढे शेकोटी करून बसतात, ते चित्र माझ्या डोळ्यांपुढे आलं.

त्याच जहाजातून मॅन्युएल नुनेस, ऑगस्टो डियास आणि जोझे दो एस्पिरितो सांतो असे तीन सुतारकाम जाणणारे लोक आले होते. पुढे त्यांनी होनोलुलुत दुकानं थाटली आणि तिथल्या ‘कोआ’ नावाच्या झाडाच्या लाकडातून हे वाद्य बनवायला सुरुवात केली. हवाईचा राजा कलाकौआ याला ते इतकं आवडलं, की राजवाड्यातल्या कार्यक्रमांत त्याला जागा मिळाली. हवाईच्या भाषेत ‘उकु’ म्हणजे ऊ किंवा पिसू आणि ‘लेले’ म्हणजे उडी मारणं. वाजवणाऱ्याची बोटं तारांवर पिसवांसारखी टुणटुण उडतात, म्हणून हे नाव पडलं असं सांगतात. राजाची बहीण लिलिउओकलानी पुढे राणी झाली. ती स्वतः गाणी रचायची. तिनं याच नावाचा वेगळा अर्थ लावला : ‘इकडे आलेली भेट’. एकाला पिसू दिसली, दुसरीला भेट. पुढे १८९३ मध्ये याच राणीला गादीवरून खाली खेचलं गेलं आणि त्यामागे साखरेच्या धंद्यातल्या बड्या लोकांचा हात होता. १८९८ मध्ये हवाई अमेरिकेनं आपल्यात सामील करून घेतलं. साखरेनं वाद्य दिलं आणि साखरेनंच राज्य घेतलं.

मी बघत होते ती बहुतेक चित्रं त्यानंतरची. १९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोला एक प्रचंड प्रदर्शन भरलं. तिथल्या हवाईच्या दालनात लोकांनी हे वाद्य ऐकलं आणि अमेरिकेला त्याचं वेड लागलं. घरोघरी युकुलेले. गाण्यांच्या पुस्तकांवर, पोस्टकार्डांवर, बोटीच्या जाहिरातींवर ताडाची झाडं, चंद्र, समुद्र आणि गळ्यात फुलांची माळ घालून युकुलेले धरलेली एक सुंदर बाई. चित्रकार बदलतो, छापखाना बदलतो, बाई तीच. मर्लिन मन्रोनंसुद्धा १९५९ च्या ‘सम लाइक इट हॉट’ या सिनेमात युकुलेले हाती घेतलं. त्यातल्या तिच्या पात्राचं नाव शुगर केन. म्हणजे बोलाचालीत ऊसच की!

शंभर-सव्वाशे चित्रं बघून झाल्यावर मला एक गोष्ट खटकायला लागली. कितीतरी फोटोंमध्ये बाईचं हसू झक्क असतं, केस चापूनचोपून बसवलेले असतात, पण डाव्या हाताची बोटं तारांवर नसतातच. दांडी नुसती मुठीत धरलेली असते. लाटणं धरावं तशी! मी लहानपणी पेटी शिकले आहे, त्यामुळे बोटं बघायची सवय आहे. मग मी तोच खेळ सुरू केला. फोटो आला की चेहरा झाकायचा आणि फक्त बोटं बघायची. ही वाजवते, ही नाही. ही वाजवते, ही नुसती धरून उभी. ज्या खरंच वाजवतात त्यांचा चेहरा पुष्कळदा तितका छान आलेला नसतो. एखादीच्या कपाळाला आठी असते, एखादीची जीभ दातांत असते. पण बोटं बरोबर जागी दाबलेली असतात.

अशाच शोधात मला मे सिंघी ब्रीन भेटली. १९२० च्या दशकातली अमेरिकन बाई. तिला १९२२ च्या नाताळात कुणी तरी युकुलेले भेट दिलं. तिला ते नको होतं. ती दुकानात गेली, की हे घ्या आणि मला याच्या बदल्यात अंघोळीनंतर घालायचा झगा द्या. दुकानदारानं बदलून दिलं नाही. आता पडलंच आहे तर शिकू, म्हणून ती शिकली आणि पुढे रेडिओवर ‘युकुलेले लेडी’ म्हणून नावाजली गेली. छापील गाण्यांवर युकुलेलेसाठी बोटांच्या खुणा असाव्यात म्हणून ती प्रकाशकांच्या मागे लागली. वादकांची संघटना युकुलेलेला वाद्यच मानायला तयार नव्हती. खेळणं म्हणायची. तर तिच्याशीही ही बाई भांडली. बदलून न मिळालेल्या भेटीतून एवढं सगळं! मला तर ती आपल्या हळदीकुंकवातली वाटली. नको असलेला स्टीलचा डबा बदलायला निघालेली.

आता मी ज्या गोष्टीपाशी यायचं टाळत होते, तिथे येते.

आमच्या हॉलमध्ये टीव्हीच्या वर एक फोटो आहे. माझा. १९८८ सालचा. निळी साडी, खांद्यावरून पुढे घेतलेली वेणी, मागे रंगवलेली बाग आणि मांडीवर सतार.

माझं माहेर श्रीरामपूरजवळचं. मी पेटी शिकत होते, गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या ‘प्रारंभिक’ आणि ‘प्रवेशिका प्रथम’ अशा दोन परीक्षाही पास झाले होते. लग्नाच्या फोटोसाठी दादा मला स्टुडिओत घेऊन गेले तेव्हा मी हौसेनं म्हटलं, पेटीवर बसून काढू या. फोटोग्राफर म्हणाला, ‘‘नको. पेटीमागे साडी झाकली जाते आणि भजनाला बसल्यासारखं दिसतं.’’ त्याच्याकडे कोपऱ्यात प्लॅस्टिकची फुलदाणी, एक खोटा टेलिफोन आणि एक सतार होती. सतार माझ्या मांडीवर आली. ‘‘मान खाली, किंचित हसा, बोटं अशी सोडा.’’ क्लिक. मी त्याआधी सतारीला कधी हात लावला नव्हता. त्यानंतरही नाही.

तो फोटो बऱ्याच घरी फिरून आला. राहात्याच्या मंडळींनी विचारलं, ‘‘मुलगी सतार वाजवते का?’’ दादा म्हणाले, ‘‘थोडीफार.’’ मी खालीच बघत होते, फोटोतल्यासारखी. लग्न झालं. फोटो मोठा करून चौकटीत घालून सासरच्या भिंतीवर आला. येणारा-जाणारा विचारायचा, ‘‘वा, सतार का?’’ मी म्हणायची, ‘‘आता सराव नाही.’’ पहिली काही वर्षं हे म्हणताना घशात अडकायचं. मग सवय झाली. माझी पेटी माहेरीच राहिली. पुढे भावानं घर बांधताना अडगळ काढली त्यात ती गेली. इथे कुणी मला ‘वाजवू नको’ म्हटलं नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. ‘वाजव’ असंही कुणी म्हटलं नाही. आणि पेटीबद्दल मी बोलणार कशी? सतारीचं खोटं उघडं पडलं असतं ना!

मोबाइलवरच्या त्या परदेशी पोरींच्या मुठी बघताना एक दिवस मी मान वर केली आणि भिंतीवर माझीच बोटं दिसली. पडद्यांच्या वर अधांतरी. वाळत घातलेल्या सोलकढीच्या कोकमांसारखी. सदतीस वर्षं तो फोटो माझ्या डोळ्यांपुढे होता आणि मी बोटं बघितलीच नव्हती.

मग मी मराठीतही शोधलं. तोडी रागिणीची चित्रं सापडली. रानात वीणा घेऊन उभी असलेली एकटी स्त्री आणि सूर ऐकायला जमलेली हरणं. राजा रविवर्म्यांचं १८८९ सालचं मोठं चित्र सापडलं, म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातलं. त्यात देशातल्या वेगवेगळ्या भागांतल्या अकरा स्त्रिया आहेत, कुणाच्या हातात वाद्य, कुणी नुसती ऐकणारी. याच रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्या छापखान्यामुळे देवादिकांची चित्रं घरोघरी पोचली. वीणाधारी सरस्वतीचं चित्र आपल्यापैकी कुणी शाळेत पाहिलं नाही? दसऱ्याला पाटीवर आकड्यांची सरस्वती काढणाऱ्या आम्हा मुलींना वाटायचं, वाद्य म्हणजे बाईच्याच हातातली गोष्ट. प्रत्यक्षात गावात वाद्य दिसायचं ते कुणाच्या हातात? वरातीतल्या गाडीवर बेंजो वाजवणारे बाप्ये. सप्त्यात वीणा गळ्यात घेऊन पहाऱ्याला उभे राहणारे बाप्ये. बायकांच्या वाट्याला टाळ्या आणि डोक्यावर तुळस. आता चित्र बदलतं आहे, बायकांची भजनी मंडळं पेटी-मृदंगासह बसतात, कीर्तनकार मुली गर्दी खेचतात. पण माझ्या वयाच्या कितीजणींच्या हातात वाद्य आलं ते फोटोपुरतंच!

तेवढ्यात संगमनेरच्या नणंदबाईंचा फोन आला. लेकीसाठी स्थळं बघणं सुरू आहे. ‘‘वहिनी, तिचा बायोडाटाचा फोटो काढताना ते छोटं गिटार तिच्या हातात द्या हं. छान दिसेल.’’ माझ्या पोटात एकदम गोळा आला. मी लेकीला फोन करून सांगितलं. म्हटलं, आत्या असं म्हणतेय. ती म्हणाली, ‘‘आई, मला तीन कॉर्ड येतात आणि तिसऱ्याला बोट घसरतं. फोटोबिटो नको. लिहायचंच असेल तर ‘युकुलेले शिकते’ असं लिही. ‘वाजवते’ लिहू नकोस.’’

किती सोपं वाक्य! ‘शिकते.’ दादांना १९८८ मध्ये ते सुचलं नाही. मलाही नाही.

त्या रात्री जेवणं झाल्यावर मी सासूबाईंजवळ बसले. त्या ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. पाय चेपता चेपता म्हटलं, ‘‘आई, एक सांगायचं होतं. त्या फोटोतली सतार... मला सतार कधीच येत नव्हती.’’

त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, ‘‘मला ठावं हाय की.’’

‘‘कधीपासून?’’

‘‘फोटो आला त्या दिसापासनं. अगं, तिच्या दोन तारा तुटलेल्या हायेत. तुटक्या तारंची सतार कोन वाजवतं?’’

मी उठून दिवा लावला आणि फोटोजवळ गेले. खरंच. वरच्या दोन तारा तुटून खुंटीपाशी गुंडाळून ठेवलेल्या. इतक्या वर्षांत कुणालाच दिसलं नव्हतं, मलाही नाही. सासूबाईंचे वडील त्यांच्या गावचे वीणेकरी होते. सप्ता सुरू झाला की वीणा सात दिवस जमिनीला टेकायची नाही, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जायची. तार तुटली तर नवी चढवल्याशिवाय वडील चहासुद्धा घ्यायचे नाहीत. त्या घरातल्या मुलीला तुटकी तार दिसणारच!

‘‘मग विचारलं का नाहीत?’’

‘‘पोर खाली मान घालून बसलेली. म्हन्लं, कशाला उगं उघडं पाडायचं? वाटलं, सांगंल कवातरी.’’ मग थोड्या वेळानं म्हणाल्या, ‘‘मला कधी वीणा धरू दिली न्हाई गं. पुसून ठेवायची तेवढी. तुला निदान फोटोपुरती तरी मिळाली.’’

पुसून ठेवायची तेवढी! मी तरी त्या युकुलेलेचं दुसरं काय करत होते?

दुसऱ्या दिवशी कपाटावरची काळी पिशवी खाली काढली. लेकीनं फोनवर सूर लावायचं ॲप घ्यायला लावलं. चार तारा लावल्या आणि मी कान टवकारले. ओळखीचं काही तरी होतं. पांढरी एकचा सा धरला तर त्या चार तारा बोलतात प, सा, ग, ध. इतर वाद्यांत असते तशी पहिली तार खर्जातली नाही. तिचा प सा-च्या वरचाच. प, सा, ग, ध. पेटीवाल्या बायांनो, कोणता राग? सुरुवातीलाच शिकतो तो भूप! म आणि नी त्यात नसतातच. फक्त रे राहिला. तो सा-च्या तारेवर दुसऱ्या पडद्यात मिळतो आणि वरचा सा ध-च्या तारेवर तिसऱ्या पडद्यात. म्हणजे भूपाचा आरोह वाजवायला बोट दोनच ठिकाणी दाबायचं, बाकी तारा मोकळ्याच बोलतात. होनोलुलुच्या सुतारांना आपला भूप कुठून ठाऊक असणार? पण माझ्या जुन्या परीक्षेचा पहिला धडा त्या चार तारांवर जणू माझी वाट बघत बसला होता.

दोन बोटं दाबायची म्हणजे सोपं, असं वाटेल. सोपं नाही. बोटांची टोकं आठवडाभर हुळहुळली. भाकरी थापताना जाणवायचं. रे जरा जोरात दाबला की बेसूर, हळू दाबला की थडथड. पण तिसऱ्या आठवड्यात सा रे ग प ध सा सरळ वर गेलं आणि सरळ खाली आलं. सासूबाईंनी पलंगाच्या कडेवर बोटानं ताल धरला. हे पेपर खाली ठेवून म्हणाले, ‘‘तुला एवढं येत होतं, कधी बोलली नाहीस?’’ मी म्हटलं, ‘‘येत नव्हतं. शिकते आहे.’’

मग मी ते सासूबाईंच्या मांडीवर ठेवलं. त्या आधी ‘नगं नगं’ म्हणाल्या. मग अंगठ्यानं चारही तारा एकदम छेडल्या आणि हात झटकन मागे घेतला. मग परत छेडल्या. मग दुपारभर छेडत राहिल्या.

शिमग्याला लेक आली तेव्हा तिनं मोबाइलवर माझा एक फोटो काढला. गाऊनवर ओढणी, केस विस्कटलेले, हनुवटी दुहेरी, जीभ दातांत. चेहरा मुळीच चांगला आलेला नाही. पण सा-च्या तारेवर, दुसऱ्या पडद्यात बोट नीट दाबलेलं दिसतं. तो फोटो छापून घेतला आहे. सतारीचा फोटो काढला नाही, तो राहू दे तिथेच. नवा त्याच्या शेजारी लावला. आता कुणी ‘वा, सतार का?’ असं विचारलं की मी म्हणते, ‘‘ती नाही, ही. आणि ती कुणाची सांगू का, बसा, चहा टाकते.’’

तुमच्याही भिंतीवर, कपाटात, लग्नाच्या अल्बममध्ये असा एखादा फोटो असेल. सतार असेल, तंबोरा असेल, शिवणयंत्र असेल, नाही तर हातात नुसतंच उघडं पुस्तक. आज दुपारी काढून बघा. चेहरा नेहमीच बघतो आपण. या वेळी बोटं बघा.